‘जपून ठेवते’ म्हणून घेतलेले पैसे

प्रश्न : माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. वाढदिवसाला किंवा पाहुणे निघताना त्याच्या हातावर ठेवतात ते पैसे मी ‘तुझ्यासाठी जपून ठेवते’ असे सांगून घेत आले आणि खरे तर ते घरखर्चात गेले. यंदा आजोळी मिळालेले आठशे रुपये त्याने दोन दिवसांत संपवले. मी रागावले, तेव्हा ‘नाहीतर तू घेतलेच असतेस’ असे म्हणाला. त्याला बचतीची सवय कशी लावावी?
— एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : आपल्या मुलाचा हिशेब चुकलेला नाही. हातात राहणार नाहीत ते पैसे आजच खर्च करावेत, हेच तो आजवरच्या अनुभवातून शिकला आहे. म्हणून सुरुवात त्याच्या सवयीपासून न करता आपल्याकडील देण्यापासून करावी. आठवतील तेवढ्या रकमा त्याला शेजारी बसवून वहीत लिहाव्यात आणि एकदम देणे जमत नसेल, तर दरमहा ठरल्या तारखेला थोड्या थोड्या परत कराव्यात. आई शब्द पाळते हे चार-सहा महिने पाहिल्यानंतरच त्याला पैसे मागे ठेवावेसे वाटतील.

ही परतफेड पोस्टातील बचत खात्यात करावी, असे मला वाटते. दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला हे खाते स्वतःच्या नावाने उघडून स्वतः चालवता येते. त्यात किमान ५०० रुपये ठेवावे लागतात आणि व्याज वर्षाला ४ टक्के आहे, म्हणजे वर्षभर २,००० रुपये राहिले तर ८० रुपये मिळतात. रक्कम लहान वाटेल, परंतु हा हिशेब त्याच्याकडूनच करून घ्यावा. महिन्याची १० तारीख ते महिनाअखेर या काळात खात्यात जी सर्वांत कमी शिल्लक असते, तिच्यावरच त्या महिन्याचे व्याज धरले जाते. त्यामुळे २५ तारखेला पैसे काढायचे की आठवडाभर थांबायचे, हा प्रश्न त्याच्यापुढे आपोआप उभा राहील. बँकांमध्येही दहा वर्षांवरील मुलांना खाते स्वतः चालवता येते, मात्र व्यवहाराची मर्यादा प्रत्येक बँक ठरवते.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. आपण राहता त्या नाशिकरोडच्या मुद्रणालयात १९२८ पासून नोटा छापल्या जातात, परंतु आज घरातल्या मुलांना पैसे जाताना दिसतच नाहीत. आईने मोबाइल पुढे धरला की वस्तू मिळते. महिन्यातून एकदा गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात त्याला रोख दोनशे रुपये आणि भाजीची यादी देऊन पुढे करावे, भाव त्यालाच विचारू द्यावेत आणि उरेल ती रक्कम त्याची समजावी. एखादे वेळी तो महाग घेईल, तेव्हा मध्ये पडू नये.

खात्यात पहिली रक्कम भरताना पैसे भरण्याची चिठ्ठी त्यालाच लिहू द्यावी आणि पासबुक आपल्या कपाटात न ठेवता त्याच्या दप्तराशेजारी राहू द्यावे.