रसायनं वापरून कोळशातली राख ४० टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणता येते का?

५ पर्यंत सहजी नाही, पण बरीच उतरते. बीकरमध्ये उतरते, रिपोर्टात तर फारच छान उतरते. तुम्ही विचारलंय की वणी-चंद्रपूरकडचा जास्त राखेचा कोळसा कॉस्टिक सोडा आणि अॅसिडने साफ करून छोट्या बॉयलरला वापरला तर परवडेल का. हेच मला आमच्या साहेबांनी विचारलं होतं. फक्त त्यांचं उत्तर आधीच ठरलेलं होतं.

मी तेव्हा एका प्रयोगशाळेत केमिस्ट होतो. कोळसा बारीक दळायचा, कॉस्टिक सोड्यात उकळायचा, गाळायचा, सौम्य हायड्रोक्लोरिक अॅसिड द्यायचं, परत गाळायचा, धुवायचा. लिहायला एक ओळ, गाळायला अख्खा दिवस. भुकटी फिल्टर पेपरवर अशी घट्ट बसते की व्हॅक्यूम पंप नुसता ओरडत राहतो. साहेबांना घाई. म्हणाले, "अॅसिड राहू द्या, कॉस्टिकनंच राख उतरते ना?" नाही उतरत. क्वार्ट्झ, म्हणजे वाळूतली सिलिका, सोडियम सिलिकेट होऊन पाण्यात जातो, पण केओलिनाइटसारख्या चिकणमातीचं सोडियम अॅल्युमिनोसिलिकेट होतं आणि ते कोळशातच ठाण मांडून बसतं. अॅसिडशिवाय हलत नाही. नुसत्या कॉस्टिकचा नमुना ८१५ अंशांच्या भट्टीतून काढला तर राख जवळपास होती तेवढीच. साहेब म्हणाले, वजन चुकलं असेल. वजन मी केलं होतं, स्थिर येईपर्यंत पुन्हा पुन्हा तापवून.

मग एक दिवस साहेबांनी स्वतः हात घातला आणि कॉस्टिकचं उरलेलं पाणी न् अॅसिडचं पाणी एकाच बेसिनमध्ये ओतलं. सिलिकेटला अॅसिड मिळालं की सिलिकाची जेली होते. पाइपातच झाली. प्लंबरनं खालचा सांधा उघडला तर आतून थुलथुलीत गोळा निघाला. बोलणी बसली ती शिपायाला! त्या बिचाऱ्याला जेलीचं काय माहीत. मी बोललो तर मलाच "फार शहाणे आहात" ऐकावं लागलं.

अॅसिडही नीट दिल्यावर राख निम्म्याच्या खाली आली, ५ च्या आसपासही नाही. अहवालात "निम्म्याच्या खाली" ठळक अक्षरांत. मी म्हटलं, टनाला कॉस्टिक किती तेही लिहा. तर म्हणे, ते कमर्शियलचं काम. तुम्हीच हिशेब करा. ४० टक्के राख म्हणजे टनाला ४०० किलो. त्यात ६० टक्के सिलिका धरली तर २४० किलो. सिलिकेच्या एका रेणूला कॉस्टिकचे दोन रेणू लागतात, म्हणजे वजनानं ३२० किलो कॉस्टिक, तेही काही वाया जात नाही असं धरून. अॅसिड वेगळं, धुण्याचं पाणी वेगळं. कॉस्टिकचा किलोचा भाव आणि कोळशाचा टनाचा भाव शेजारी लिहा, बॉयलर विसरून जाल. वर सोडियम नीट धुतला गेला नाही तर राख लवकर वितळते आणि नळ्यांना चिकटते.

आपला गोंडवाना कोळसा, म्हणजे गोंडवाना नावाच्या जुन्या खडकथरांतला, वाहून आलेल्या गाळासोबत तयार झालाय, माती त्याच्या अंगात मुरलीय. म्हणून वॉशरीत, म्हणजे कोळसा धुण्याच्या कारखान्यातही, ती सहज सुटत नाही. तरी मॅग्नेटाइटची (लोहखनिजाची) पूड पाण्यात कालवून केलेल्या जड द्रवात धुणं हेच त्यातल्या त्यात शहाणपणाचं. तुमच्या बॉयलरला तर सरळ वरच्या ग्रेडचा कोळसा घ्या.

आता बाकीचं. चुना घालून कॉस्टिक बऱ्यापैकी परत मिळवता येतं, हे साहेबांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण मग कोळशाच्या कारखान्याला जोडून दुसरा कारखाना टाकावा लागतो. ऑस्ट्रेलियात सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेनं कॉस्टिक-अॅसिडच्याच वाटेनं थेट गॅस टर्बाइनमध्ये जाळता येईल इतका स्वच्छ कोळसा करून दाखवलाय, तोही दाबाखाली तापवून. पोलादासाठीच्या कोकिंग कोलला कदाचित गणित बसेल, कारण तो मुळात महाग. पण कॉस्टिकनं त्याची कोक होण्याची ताकद घटू शकते, तेही तपासावं लागतं. आणि हायड्रोफ्लोरिक अॅसिड कॉलेजच्या लॅबमध्ये आणू नका. काच खातं, माणसालाही सोडत नाही.

प्रोजेक्ट रिपोर्ट करणार असाल तर राखेच्या आकड्याशेजारी यील्ड (शेवटी हाती किती कोळसा उरला), कॉस्टिक आणि पाणी हे तीन रकाने ठेवा. ते रिकामे ठेवून सही मागितली तर करू नका. मी केली नव्हती. त्या अहवालावर माझं नाव नाही.