सी भाषेतली फंक्शन्स शिकताना

सगळं मेनमध्ये (प्रोग्राम जिथून सुरू होतो त्या फंक्शनमध्ये) कोंबणं आधी थांबव. वर्तुळाचं क्षेत्रफळ काढणाऱ्या त्याच ओळी चार ठिकाणी चिकटवल्यास, तर चूकही चार ठिकाणी दुरुस्त करावी लागेल. त्यांचं फंक्शन कर. आधी परत येणाऱ्या किमतीचा प्रकार (इथे डबल, म्हणजे दशांश संख्या), मग नाव, कंसात त्रिज्या, आत रिटर्न.

फंक्शन मेनच्या खाली लिहिणार असशील तर वर प्रोटोटाइप (फंक्शनची आगाऊ ओळख देणारी ओळ) हवाच, अर्धविरामासकट. कंपायलर (आपला कोड यंत्राच्या भाषेत बदलणारा प्रोग्राम) वरून खाली वाचत जातो. जुन्या सीमध्ये अनोळखी फंक्शन इंट (पूर्णांक) देतं असं तो गृहीत धरायचा आणि डबलचं उत्तर भलतंच येऊ शकायचं. १९९९ च्या मानकाने ही सवलत काढली. जीसीसी हा कंपायलर मात्र पुढेही कितीतरी वर्षं नुसती वॉर्निंग द्यायचा. १४ व्या आवृत्तीपासून थेट एरर येतो. बरं झालं!

खरी गंमत अदलाबदलीच्या फंक्शनमध्ये आहे. दोन इंट पाठवले, आत अदलाबदल केली, बाहेर येऊन छापले तर आकडे जसेच्या तसे. सीमध्ये फंक्शनला किमतीची प्रत मिळते. झेरॉक्सवर खाडाखोड केल्याने मूळ सातबारा बदलत नाही. मूळ बदलायचं तर पत्ता पाठव. बोलावताना व्हेरिएबलच्या नावाआधी अँपरसँड (&), फंक्शनमध्ये पॉइंटर (पत्ता साठवणारं व्हेरिएबल), आणि किंमत गाठायला पॉइंटरच्या नावाआधी तारा (*). स्कॅनएफमध्ये (इनपुट वाचणाऱ्या फंक्शनमध्ये) इंट वाचताना अँपरसँड का लागतो, तेही इथेच उलगडेल.

अ‍ॅरे (एकाच प्रकारच्या किमतींची रांग) पाठवलास की पहिल्या घटकाचा पत्ताच जातो. म्हणून लांबी वेगळी पाठव. आत साइझऑफ (आकार सांगणारा ऑपरेटर) लावलास तर अ‍ॅरेचा नव्हे, पॉइंटरचा आकार हाती येईल.