पायाखालची ठकठक

प्रश्न : सुरतेला जाताना रेल्वेच्या एलएचबी (जर्मन रचनेच्या) डब्यात पायाखालून सारखी ठकठक येत होती. वेग वाढला की तीही वाढे. रूळ खराब होते का? – एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : ताई, माझी तीस वर्षं डब्यांच्या दुरुस्तीत गेली, वर्णन वाचूनच आवाज ओळखला. रूळ नव्हे, चाक. ब्रेक लागताना चाक अडकून रुळावर घासत गेलं की तेवढा भाग चपटा होतो आणि दर फेरीला रुळावर एक ठोका देतो. हे टाळायला एलएचबीत आसाच्या टोकाला वेग मोजणारा सेन्सर असतो. चाक अडकू लागलं की ब्रेकची हवा क्षणभर सोडली जाते. सेन्सरची वायर सैल झाली, तर हे संरक्षणच जातं. तपासणीत मी आधी तीच हाताने चाचपायचो.

नवं चाक ९१५ मिमी व्यासाचं, म्हणजे एका फेरीत सुमारे २.९ मीटर. ताशी १०० किमीला सेकंदाला जवळजवळ दहा ठोके! ते बेअरिंगलाही बसतात, म्हणून दुर्लक्ष करू नये. लेथवर चाक पुन्हा गोल करतात. व्यास ८४५ मिमीवर आला की बाद.

पुन्हा ऐकू आलं तर डब्याचा क्रमांक पाहून १३९ या रेल्वेच्या मदत क्रमांकावर कळवा. आवाज डब्याच्या कोणत्या टोकाला येतो, तेही सांगा.