घर रिकामे केले, आता देणे किती?

प्रश्न: पुण्यात कोथरूडला अकरा महिन्यांच्या नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करारावर राहत होतो. मुदत १ जून २०२४ ते ३० एप्रिल २०२५, भाडे महिना २०,०००, डिपॉझिट ६०,०००. डिसेंबरात नोकरी गेली आणि जानेवारीपासून भाडे थकले. मुदत संपल्यावरही घर सोडता आले नाही. मालकांनी सक्षम प्राधिकाऱ्याकडे (लायसन्सवरच्या घराचा ताबा परत मिळवून देणारा सरकारी अधिकारी) अर्ज केला. समन्स आले, पण पैसे देणे होतेच म्हणून मी गेलो नाही. ५ ऑगस्टला घर खाली करण्याचा आदेश झाला. ३१ ऑगस्टला सामान हलवून किल्ली वॉचमनकडे दिली. फ्रिज नंतर न्यायचा होता, तो मालक देत नाहीत. आता वकिली नोटीस आली आहे: जानेवारी ते ऑगस्ट भाडे १,६०,०००, शिवाय मे ते १५ सप्टेंबर दुप्पट दराने १,८०,०००, रोजचे ५०० प्रमाणे दंड ६९,०००, रंगकाम ३५,०००. एकूण ४,४४,००० आणि डिपॉझिट जप्त. जूनमध्ये भावाने यूपीआयने २०,००० भरले होते, त्याचा उल्लेखही नाही. सही केलेले दोन कोरे चेक मालकांकडे आहेत. करारावर सासऱ्यांची साक्षीदार म्हणून सही आहे, मालक त्यांनाही फोन करतात. पोलिसांत जाऊ म्हणतात. नवी नोकरी लागली आहे, पगार ३१,०००. मला नक्की किती द्यावे लागेल?

उत्तर: तुम्ही पाठवलेल्या तपशिलावरून माझ्या हिशेबाने सुमारे १,६०,००० रुपये. ही रक्कम शून्य नाही, हे आधी मान्य करा. घराबाहेर काढले म्हणजे थकबाकीची शिक्षा भोगून झाली, असा समज बऱ्याच जणांचा असतो. ताबा आणि पैसे या दोन स्वतंत्र मागण्या आहेत. पहिली मालकांना मिळाली म्हणून दुसरी बुडत नाही.

जानेवारी ते एप्रिल करार चालू होता. या चार महिन्यांचे ठरलेले भाडे, म्हणजे ८०,०००, निर्विवाद देणे आहे. नोकरी गेली हे कारण माणूस म्हणून कुणालाही पटेल, पण त्याने देणे कमी होत नाही.

१ मेपासून चित्र बदलते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम २४ प्रमाणे, राहण्यासाठी लायसन्सवर घेतलेली जागा मुदत संपूनही न सोडणाऱ्याला करारातल्या दराच्या दुप्पट नुकसानभरपाई द्यावी लागते. तुमच्या बाबतीत महिना ४०,०००. मे ते ऑगस्ट चार महिन्यांचे १,६०,००० झाले. मालकांच्या वकिलांनी इथे मोठी उडी मारली आहे. त्याच महिन्यांचे साधे भाडेही लावले आणि वर दुप्पटही, म्हणजे प्रत्यक्षात तिप्पट. कायदा दुप्पट म्हणतो. भाडे अधिक दुप्पट असे म्हणत नाही. करार संपल्यावर भाडे उरतच नाही, त्याची जागा ही नुकसानभरपाई घेते. नोटिशीतले ८०,००० इथेच गळतात.

रोजचा ५०० रुपये दंड करारात छापलेला असेल, असतोच. पण भारतीय करार अधिनियमाच्या कलम ७४ नुसार करारात लिहिलेली दंडाची रक्कम ही फक्त कमाल मर्यादा असते. त्या आत न्यायालय वाजवी तेवढीच भरपाई देते. एकाच उशिराबद्दल कायद्याने दुप्पट दर मिळत असताना त्याच दिवसांचा वेगळा दंड टिकणे अवघड आहे. ६९,००० ठामपणे नाकारा.

म्हणजे ८०,००० अधिक १,६०,००० असे २,४०,०००. त्यातून भावाने भरलेले २०,००० आणि डिपॉझिटचे ६०,००० वजा करा. डिपॉझिट तुमचे आहे. मालक ते देण्यात वळते करून घेऊ शकतात, पण जप्त करून वर पूर्ण रक्कमही मागू शकत नाहीत. रंगकामाचे करारात वेगळे कलम असेल तर ते लागू होईल. नसेल तर वापराने भिंती मळल्या याचे पैसे लागत नाहीत. काही खरोखर मोडले असेल तर दुरुस्तीचे बिल मागा आणि तेवढे द्या.

आता माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत महागडा प्रश्न: ताबा कोणत्या तारखेला दिला? दुप्पट दराने रोजचे सुमारे १,३३३ रुपये पडतात. ३१ ऑगस्ट की १५ सप्टेंबर, यावर २०,००० अवलंबून आहेत. किल्ली वॉचमनकडे ठेवली एवढ्याने मालकांना ताबा मिळाला असे होत नाही. ती ठेवल्याचे त्यांना त्याच दिवशी कळवले होते का? व्हॉट्सअ‍ॅपचा संदेश असेल तर तो पुसू नका. स्क्रीनशॉटवर भागवू नका, तो फोनच जपून ठेवा. टेम्पोवाल्याची पावती, सोसायटीच्या गेटवरची सामान बाहेर गेल्याची नोंद, वीजमीटरचा फोटो, नव्या घराच्या कराराची तारीख हे सगळे आजच गोळा करा. गेटवरचे रजिस्टर किंवा कॅमेऱ्याचे चित्रण सोसायटी कायम ठेवत नाही, म्हणून सचिवांना आधी लेखी अर्ज द्या. काहीच लेखी नसेल आणि मालक १५ तारखेवर ठाम राहिले, तर १,८०,००० ची तयारी ठेवा. फ्रिज आत राहिला, म्हणजे घर पूर्ण रिकामे केलेच नव्हते, असेही ते म्हणतील. त्याचे उत्तर आधीच तयार हवे.

फ्रिज अडकवून ठेवण्याचा मात्र त्यांना अधिकार नाही. घरमालकाला भाड्यापोटी भाडेकरूची वस्तू परस्पर ताब्यात ठेवता येत नाही. वसुली करायची तर ती न्यायालयामार्फत. सासऱ्यांनाही सांगा, निर्धास्त राहा. साक्षीदार फक्त सही डोळ्यांसमोर झाली एवढे सांगतो, तो जामीनदार नव्हे. पोलिसांची धमकीही पोकळ आहे. मार्च २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातल्या एका प्रकरणात स्पष्ट केले की भाडे थकवल्याचे दिवाणी परिणाम होतील, पण तेवढ्याने दंड संहितेखालचा गुन्हा होत नाही.

काळजी वाटते ती त्या कोऱ्या चेकची. सही केलेल्या कोऱ्या चेकवर मालकांनी रक्कम आणि तारीख घातली आणि तो वटला नाही, तर परक्राम्य संलेख अधिनियमाचे कलम १३८ लागू शकते. तिथे दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड होऊ शकतो. बँकेला ‘पेमेंट थांबवा’ सांगितल्याने सुटका होत नाही. म्हणून नोटिशीच्या उत्तरात दोन्ही चेकचे क्रमांक लिहा, ते कोरे दिले होते हे लिहा आणि परत मागा. तरीही चेक परतल्याची नोटीस आलीच, तर ती मिळाल्यापासून १५ दिवसांत कायदेशीर देण्याइतके पैसे भरा. त्या १५ दिवसांत टाळाटाळ केलीत तर ती फार महागात पडेल.

आदेशाची प्रत काढून शेवटचा परिच्छेद वाचा. सक्षम प्राधिकारी बहुधा ताब्याबरोबर दुप्पट नुकसानभरपाईही देतात. तसे असेल तर त्या भागासाठी मालकांना नव्याने दावा लावायची गरज नाही. दर किंवा कालावधी चुकला असेल, तर अपर आयुक्त दर्जाच्या अधिकाऱ्याकडे ९० दिवसांत, म्हणजे ३ नोव्हेंबरपर्यंत, पुनरीक्षण अर्ज, म्हणजे आदेश पुन्हा तपासण्याचा अर्ज, करता येतो. आकडे बरोबर असतील तर त्यावर खर्च करू नका. समन्सला गेला नाहीत, त्यामुळे मुदत संपल्याचा मुद्दा आता तुमच्या हातात नाही. जानेवारी ते एप्रिलच्या थकबाकीसाठी मालकांना पुण्याच्या लघुवाद न्यायालयात जावे लागेल. त्याला प्रत्येक महिन्याचे भाडे देय झाल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे. तोवर गप्प बसू, असा विचार मनात आला असेल तर सोडा. मालक नोटीस पाठवण्याइतके जागे आहेत, ते तीन वर्षे झोपणार नाहीत.

हुकूमनामा, म्हणजे दाव्यातला न्यायालयाचा निर्णय, झाला की तो बारा वर्षे बजावता येतो. पगारावर जप्ती आली तर पहिले १,००० आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित असतात. ३१,००० वर महिना १०,००० कापले जातील, एका हुकूमनाम्यासाठी जास्तीत जास्त २४ महिने. भविष्य निर्वाह निधी, अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण यांना हात लागत नाही. ऐपत नसलेल्याला केवळ दिवाणी कर्जासाठी तुरुंगात टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच सांगितले आहे. पण ऐपत असून टाळणाऱ्याला हे संरक्षण नाही, आणि तुमचा पगार आता सुरू झाला आहे.

हे वाचणाऱ्या जुन्या पागडीवाल्या भाडेकरूंनी दुप्पट दराचा नियम स्वतःला लावून घेऊ नये. त्यांच्यासाठी त्याच भाडे नियंत्रण अधिनियमाचे कलम १५ आहे. मालकाने आधी ९० दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, आणि दाव्याचे समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत थकबाकी १५ टक्के सरळ व्याजासह न्यायालयात भरली, पुढचे भाडे नियमित भरले आणि दाव्याचा खर्च दिला, तर थकबाकीच्या कारणावरून घर जात नाही. मात्र एकदा घर खाली करण्याचा हुकूमनामा झाला आणि अपिलात स्थगिती हवी असेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या आत्मा राम प्रॉपर्टीज प्रकरणातल्या २००४ च्या निकालानुसार न्यायालय बाजारभावाने भरपाई भरायला लावू शकते. चाळीतली दोनशे रुपयांची खोली तेव्हा एकदम महाग होते.

तुम्ही नोटिशीला उत्तर द्या, पण ‘सगळे देतो, थोडा वेळ द्या’ असे कुठेही लिहू नका. लेखी कबुलीने दावा लावण्याची तीन वर्षांची मुदत नव्याने सुरू होते आणि ४,४४,००० मान्य केल्यासारखे दिसते. वर दिलेला हिशेब मांडा, ‘हक्क राखून’ असे लिहा आणि महिना १०,००० प्रमाणे सोळा हप्त्यांचा प्रस्ताव ठेवा. पहिला हप्ता उत्तराबरोबरच बँकेतून पाठवा, रोख देऊ नका. मालक तयार झाले तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व अर्ज करून लोकअदालतीत तडजोड नोंदवा. तिथल्या निवाड्यावर अपील नाही, त्यामुळे आणखी मागण्या मागून येत नाहीत. त्या कागदात एकूण रक्कम, हप्त्यांच्या तारखा, दोन्ही चेक परत मिळण्याची तारीख आणि फ्रिज केव्हा व कुठून न्यायचा, हे सगळे लिहून घ्या.