नागपूरच्या ४४ अंशांत निभावत होतं, मग गोव्याच्या ३३ अंशांत जीव का कासावीस होतो?

तुम्ही लिहिलंय की नागपूरहून फोंड्याला बदली झाली, इथे पारा ३३-३४ च्या पुढे फारसा जात नाही, तरी दुपारपर्यंत शर्ट पिळून काढण्याजोगा होतो आणि अंगात त्राण राहत नाही. तब्येतीत काही बिघडलंय का? दुसरा काही त्रास नसेल तर घाबरू नका. तुमच्या घामग्रंथी चोख काम करताहेत, फक्त त्यांची मेहनत इथे पाण्यात जातेय.

मी फोंड्यातच अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. ‘घाम आल्याने शरीर थंड होते’ असं मुलं पेपरात हमखास लिहितात आणि मी अर्धाच गुण देते. नुसता घाम येऊन भागत नाही, तो वाळावा लागतो. एक लिटर घाम त्वचेवर वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता नेतो. स्वस्थ बसलेलं शरीर सात-आठ तासांत साधारण तेवढी उष्णता तयार करतं. तोच घाम कोपरावरून टपकून गेला तर पदरात काही पडत नाही.

खात्री करायची असेल तर दोन थर्मामीटर घ्या, एकाच्या टोकाला ओली चिंधी गुंडाळा आणि दोन्ही पंख्याखाली ठेवा. गोव्यात मे महिन्यात दोघांत जेमतेम पाच-सहा अंशांचा फरक पडतो. नागपूरच्या कोरड्या दुपारी तो पंधराच्या पुढे जातो. इथल्या हवेत आधीच इतकी वाफ असते की तुमच्या घामाला उडायला जागाच उरत नाही. म्हणून नागपूरचा कूलर इथे आणला असेल तर विकून टाका. पंखा मात्र हवाच. अंगालगतची दमट हवा तो सतत हलवत राहतो.

आता गळून जाण्याचं. रक्त तापल्याचं मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला कळलं की तो दोन हुकूम सोडतो. त्वचेतल्या वीस ते चाळीस लाख घामग्रंथी सुरू होतात आणि त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. बरंचसं रक्त कातडीकडे वळल्यामुळे हृदयाला जास्त ठोके टाकावे लागतात. झटकन उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते ती यामुळेच. घाम वाळत नाही म्हटल्यावर हायपोथॅलॅमस आणखी घाम मागतो. वेगाने सुटणाऱ्या घामातलं मीठ परत शोषून घ्यायला ग्रंथीच्या नळीला सवड मिळत नाही, म्हणून शर्टावर पांढरे डाग उमटतात.

एक-दोन आठवडे रोज उकाड्यात वावरलं की शरीर रुळतं, अल्डोस्टेरॉन या संप्रेरकाच्या जोरावर घामातलं मीठ कमी होतं. तोवर पाण्याबरोबर थोडं मीठही पोटात जाऊ द्या. आमच्याकडे सकाळी दहा-अकराला उकड्या तांदळाची पेज आणि खारातली तोरं (मिठात मुरवलेल्या कैऱ्या) खातात, त्यात पाणी, मीठ, पिष्ट सगळं आलं. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर मिठाचं आधी डॉक्टरांना विचारा.

आणि नागपुरी सवयीने भर दुपारी मैदानावर खेळायला जाऊ नका. कुणी असंबद्ध बोलू लागलं, अंग भाजत असेल, तर घाम येतोय की नाही हे बघत बसायचं नाही. अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा.