डॉक्टरांनी 40 टक्के लिहिलं, मग विमा कंपनीचा वकील 15 कुठून आणतो?

तुमचा प्रश्न असा: भाऊ सेंट्रिंगचं काम करायचा, अपघातात उजवा पाय गेल्यातच जमा, सर्टिफिकेट 40 टक्क्यांचं, आणि विमा कंपनीचे वकील म्हणतात फंक्शनल डिसॅबिलिटी, म्हणजे कामापुरतं अपंगत्व, फक्त 15 टक्के. खोटं कोण बोलतंय?

मी नागपुरात सिव्हिल लाइन्सला एका वकीलसाहेबांकडे अपघाताच्या क्लेमचे कागद लावतो. स्वतः वकील नाही, तेवढं धरून वाचा.

खोटं बहुधा कोणीच बोलत नाही. सर्टिफिकेटवर 40 च्या पुढे काय लिहिलंय ते बघा. ‘उजव्या पायाच्या संदर्भात’ असं असेल तर तो टक्का पायाचा आहे, अख्ख्या शरीराचा नाही. राजकुमार विरुद्ध अजय कुमार या 2010 च्या निकालात सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलं: उजवा हात 60 टक्के आणि डावा पाय 80 टक्के निकामी झाला, म्हणून माणूस 140 टक्के अपंग होत नाही. वकील त्या 40 वरून शरीराचा टक्का काढून 15 वर आले असतील.

पण त्यांनी तिथेच थांबून चालत नाही. ट्रिब्युनलला, म्हणजे अपघाताच्या क्लेमचा निकाल देणाऱ्या न्यायाधिकरणाला, ठरवायचा असतो तिसराच टक्का, कमाईचा. त्याच निकालात क्रम दिलाय: अपघातानंतर माणूस काय करू शकतो आणि काय नाही, आधी तो कोणतं काम करायचा, वय किती, आणि आता तेच काम किंवा दुसरं काही करून पोट भरू शकतो का. डॉक्टर पायाबद्दल सांगतील. कमाई किती बुडाली हे ट्रिब्युनल ठरवतं. जुना दाखला सुताराचा आहे, निकाल 1975 चा. डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. मालकाचं म्हणणं, हे अंशतःच अपंगत्व. कोर्ट म्हणालं, एका हाताने सुतारकी होत नाही, म्हणून 100 टक्के. तोच हात सरकारी कारकुनाचा असता आणि नोकरी टिकली असती, तर हिशोब वेगळा झाला असता. तुमचा भाऊ परांचीवर चढायचा, खांद्यावर फळ्या न्यायचा. म्हणून 15 ऐकून घाबरू नका, आणि 40 धरूनही बसू नका.

दिव्यांग कार्डाचं प्रकरण याहून निराळं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात व्याख्या छान आहे: दीर्घकाळची कमतरता आणि समोरचे अडथळे मिळून माणसाचा बरोबरीचा सहभाग अडतो, ते अपंगत्व. नोकरीतल्या आरक्षणासाठी मात्र पुन्हा 40 टक्क्यांची रेघ आहेच. कार्ड काढाच, पण क्लेमचा आकडा त्यावरून ठरत नाही.

अडथळ्याचा अर्थ मला घरीच कळला. आईला लकवा मारला तेव्हा फिजिओथेरपीवाल्या ताई बार्थेल नावाचा तक्ता घेऊन आल्या, रोजची कामं माणूस स्वतः किती करतो ते मोजणारा. जेवण, आंघोळ, कपडे, खुर्चीवरून उठणं, जिना अशा दहा गोष्टी, एकूण 100 गुण. आईने एका हाताने भाकर मोडायला घेतली, ताट सरकत गेलं. ताई म्हणाल्या, खाली ओला फडका ठेवा. ताट थांबलं, भाकर मोडली. “काऊन जी, मले पास केलं का?” आईने विचारलं. काठी घेऊन ती अंगणापर्यंत चालायची, पण आमचा जुना संडास खाली बसायचा, तिथून तिला उठताच येईना. कमोडची खुर्ची आणली, गुण वाढले. लकवा होता तेवढाच होता.

तेव्हा भावाचं काम डॉक्टरच्या भाषेत सांगू नका. आठवडाभर वही ठेवा: शिडीच्या कितव्या पायरीला थांबतो, ओझं घेऊन किती चालतो, मांडी घालून बसता येतं का, किती वेळ उभा राहिला की पाय सुजतो. ठेकेदाराची हजेरी काढा. नसेल तर सोबतच्या एखाद्या मजुराला साक्षीला तयार करा. आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाच साक्षीला बोलवायला लावा. कधी न तपासलेल्या डॉक्टरचं सर्टिफिकेट उलटतपासणीत टिकत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

सर्टिफिकेटवर त्या 40 च्या पुढची ओळ नेमकी काय आहे, ते नाव-नंबर झाकून इथे लिहा. मग पुढचं बोलता येईल.