‘फक्त ६ वॉट’चा संगणक खरोखर किती वीज खातो?

प्रश्न : माझा बारा वर्षांपूर्वीचा टॉवर संगणक विंडोज ११ साठी अपात्र ठरला आहे. ब्राउझर, मेल, मराठी टंकलेखन, हिशेबाच्या शीट, व्हिडिओ पाहणे आणि कधीमधी व्हिडिओ कॉल, एवढीच माझी कामे असतात. तळहाताएवढ्या मिनी पीसीच्या जाहिरातीत ‘प्रोसेसर फक्त ६ वॉट’ असे वाचले. एवढ्याशा विजेवर ही कामे होतील का, आणि निवडताना काय पाहावे?

उत्तर : कामे सगळी होतील, मात्र जाहिरातीतला तो आकडा बाजूला ठेवूनच निवड करावी. ६ वॉट हा बहुधा इंटेलच्या एन१०० या २०२३ मध्ये आलेल्या चार कोअरच्या प्रोसेसरचा ‘टीडीपी’ असतो. चिपमधली किती उष्णता बाहेर काढण्याची सोय करावी लागेल, हे टीडीपीवरून कळते. सॉकेटमधून ओढल्या जाणाऱ्या विजेचे ते माप नव्हे. मदरबोर्ड, मेमरी, एसएसडी, वायफाय आणि ॲडॉप्टरमध्ये वाया जाणारी वीज त्यात धरलेली नसते, शिवाय अनेक उत्पादक ही मर्यादा बायॉसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, वाढवून ठेवतात. वॉटमीटर लावून पाहिल्यास असा डबा नुसता चालू असताना साधारण ६ ते १० वॉट दाखवतो आणि अपडेट सुरू झाले की वीस-पंचवीसपर्यंत चढतो.

तरीही बचत खरी आहे. रोज ८ तास आणि वर्षाचे ३०० दिवस धरले, तर सरासरी १० वॉटला वर्षाकाठी २४ युनिट लागतात, तर ६० वॉट ओढणाऱ्या टॉवरला १४४. गंमत अशी, की त्यानंतर टेबलावरचा वीसेक वॉटचा मॉनिटरच संगणकापेक्षा जास्त खाऊ लागतो, आणि त्याचा उजेड थोडा कमी करण्याकडे मात्र कुणाचे लक्ष जात नाही.

माझ्या मते तुमच्या कामासाठी प्रोसेसरपेक्षा मेमरी आणि स्टोरेज महत्त्वाचे. हे मी ठेच लागून शिकलो. माझ्या पहिल्या छोट्या संगणकात ४ जीबी मेमरी आणि ६४ जीबी ईएमएमसी (साठवणुकीची साधी चिप), दोन्ही बोर्डावर झाळलेली होती. वर्षभरातच ‘अपडेटसाठी जागा अपुरी’ हा संदेश रोजचा झाला, आणि झाकण उघडून पाहतो तो आत बदलण्याजोगे काहीच नव्हते. म्हणून खरेदीपूर्वी मेमरीला स्लॉट आहे का आणि एम.२ एनव्हीएमई एसएसडी (खाचेत बसणारी, बदलता येणारी वेगवान साठवण) बसते का, हे विचारून घ्यावे. ८ जीबीवर काम भागते. १६ जीबी असेल तर ब्राउझरचे वीस टॅब उघडे ठेवूनही व्हिडिओ कॉल अडखळत नाही.

आणखी एक पर्याय मी एन१०० च्याही आधी पाहीन : कार्यालयांतून निघणारे, सुमारे एक लिटर आकारमानाचे वापरलेले डेस्कटॉप. लेनोवोचे ‘टायनी’ आणि डेलचे ‘मायक्रो’ या जातीचे. त्यांच्या इंटेल प्रोसेसरच्या नावाअखेरीस ‘टी’ असेल, तर टीडीपी ३५ वॉट असतो. पण मोकळ्या वेळी हेही दहा-पंधरा वॉटवर राहतात, कामाला अधिक चपळ असतात आणि मेमरी सहज बदलता येते. मात्र इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचीच घ्यावी, कारण विंडोज ११ त्याआधीचे प्रोसेसर, एखाददुसरा अपवाद वगळता, स्वीकारत नाही आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे.

पंखा नसलेले मॉडेल शांत असते, पण ते बंद कपाटात कोंबू नये.

प्रश्न : याच कामांसाठी रास्पबेरी पाय ५ हा एकाच छोट्या बोर्डावरचा संगणक कसा?

उत्तर : वीज वाचवायची, तर उत्तम; नुसता चालू असताना तो ३ वॉटच्या आसपासच घेतो. त्याचा २७ वॉटचा ॲडॉप्टर पाहून दचकू नये, ती ॲडॉप्टरची क्षमता आहे. परंतु त्याचा प्रोसेसर एआरएम जातीचा, म्हणजे मोबाइल फोनमध्ये असतो तसा, असून त्यावर लिनक्स वापरावे लागते. युनिकोड मराठी इनस्क्रिप्ट कळफलकाने व्यवस्थित टंकता येते. मात्र युनिकोडपूर्व फॉन्टवर चालणारे जुने विंडोज सॉफ्टवेअर तुमच्या रोजच्या वापरात असेल, तर हा पर्याय सोडून द्यावा.